आपल्या औषधांच्या जागा दाव्यात लिहा

(अकोले तालुक्यात पाड्यापाड्यावर वनहक्काच्या बैठका चालू आहेत. तिथं आम्ही कार्यकर्ते जे बोलतो ते इथं लिहून काढलं आहे. ज्यांना येता आलं नाही त्यांना, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना, कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवा.)





आजची बैठक दाव्यांची आहे. पण आम्ही बोलायला सुरुवात कागदापासून करत नाही, झाडपाल्यापासून करतो. का ते पुढं कळेल.

कुणाला विचारलं, तुमच्या रानात औषध काय काय आहे, तर माणूस पटकन म्हणतो, "आम्हाला काय कळतंय?" आणि मग बोलायला लागला की तासभर थांबत नाही. पोटात मुरडा आला, आव पडली तर पांढऱ्या कुड्याची साल. खोकला असेल तर अडुळशाचा पाला, नाहीतर बेहड्याची साल तोंडात धरायची. ताप हटत नसेल तर गुळवेल. गुडघा सुजला तर निरगुडीचा पाला गरम करून बांधायचा. बाळंतिणीला दूध कमी आलं तर शतावरीची मुळी. टाचेला भेगा पडल्या तर बिब्बा, तोही जपून, कारण त्याचं तेल कातडी जाळतं. खरजेला करंजाचं तेल. पोट साफ व्हायला हिरडा. आवणीच्या दिवसांत बांधावर विळा लागला तर दगडी पाला हातावर चोळून जखमेत पिळायचा.

हे सगळं शाळेच्या पुस्तकात नव्हतं. आम्ही बारावीपर्यंत शिकलो, विज्ञानाच्या पुस्तकात एकदाही कुडा आला नाही. पण विज्ञानानं या झाडांना तपासलेलं आहे. कुड्याच्या सालीत कोनेसीन नावाचं द्रव्य आहे, ते आव पाडणाऱ्या जंतूवर चालतं. अडुळशात व्हॅसिसीन आहे. त्याच्यावरूनच पुढं ब्रोमहेक्सीन नावाचं औषध तयार झालं, दुकानात मिळणाऱ्या खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांत ते असतं. सर्पगंधाच्या मुळीनं रक्तदाब उतरतो, हे मुंबईचे डॉक्टर रुस्तम वकील यांनी १९४९ साली विलायतेच्या वैद्यकीय मासिकात मांडलं आणि मग जगभर त्या मुळीला मागणी आली. म्हणजे आपले जाणते लोक जे सांगतात ते सगळंच अंधश्रद्धा म्हणून उडवून लावता येत नाही.

आणखी एक गोष्ट. दगडी पाला, ज्याला कुणी एकदांडी म्हणतात, कुणी कंबरमोडी, तो मूळचा आपला नाही. तो अमेरिकेकडून आलेला आहे. तरी आज पोराटोरांनाही माहीत आहे की रक्त थांबवायला तो चालतो. नवीन झाड आलं, कुणीतरी वापरून पाहिलं, गुण आला, दहा जणांना सांगितलं. आपलं ज्ञान असंच वाढत आलं आहे. ते फक्त वाडवडलांचं राहिलेलं गाठोडं नाही.

पण आम्ही भाबडेपणानं बोलत नाही. सगळ्याला झाडपाला चालत नाही, हेही स्पष्ट सांगायला पाहिजे.

साप चावला तर झाडपाला नाही. सर्पगंधाच्या नावात साप आहे, पण सापाच्या विषावर ती मुळी चालत नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर एकच लस आहे. ती सरकारी दवाखान्यात मिळते, आपल्या महाराष्ट्रात ती मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार होते. साप चावल्यावर पहिला तास फार मोलाचा असतो. मण्यार चावली तर कधीकधी खूणही दिसत नाही, दुखतही नाही, आणि माणूस झोपेतच जातो. म्हणून भगताला बोलवायचं असेल तर बोलवा, पण गाडीत बसवून, दवाखान्याच्या वाटेवर. आपले कितीतरी भगत आता स्वतःच सांगतात, "आधी सुई, मग माझं." अशा भगतांचा मान राखा.

कळलावी तशीच. पावसाळ्यात लाल-पिवळं फूल येतं, पोरं तोडून आणतात. तिचा कंद जहाल विषारी आहे, पोटात गेला तर माणूस दगावतो. अडलेल्या बाईसाठी जुन्या सुइणी तो बाहेरून लावत. आता बाळंतपण अडलं तर गाडी बोलवायची, कळलावीची वाट बघायची नाही. आणि ज्या नावाच्या दोन वनस्पती आहेत तिथं माहितगारालाच विचारा. कुडा पांढरा वेगळा, काळा वेगळा. एकाचं बी कडू इंद्रजव, दुसऱ्याचं गोड इंद्रजव. दिसायला जवळ, गुणाला लांब.

आता मुद्द्यावर येतो.

या ज्ञानाचं बाहेर काय होतं? तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट हळदीची. जखमेला हळद लावायची हे आपल्याकडं कुणाला माहीत नाही? पण १९९५ साली अमेरिकेत जखम भरायला हळद वापरण्यावर पेटंट दिलं गेलं. पेटंट म्हणजे हा शोध माझा, दुसऱ्यानं विकायचा नाही. भारत सरकारच्या विज्ञान संशोधन परिषदेनं त्याच्या विरोधात जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा एक छापील लेख पुढं ठेवला, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. इथं ध्यानात घ्या. रद्द का झालं? हळदीचं लिहिलेलं होतं म्हणून. आपल्या रानातल्या मुळ्यांचं लिहिलेलं कुठं आहे?

दुसरी गोष्ट नरक्याची. सह्याद्रीतलं हे लहानसं झाड, घाण वास येतो म्हणून नाव नरक्या. कॅन्सरवर चालणारं कॅम्पटोथेसिन नावाचं द्रव्य १९६६ साली अमेरिकेत एका चिनी झाडात सापडलं. ते शोधणाऱ्या दोघांपैकी एक मनसुख वाणी, आपल्या नंदुरबारला जन्मलेले. पुढं १९७२ साली कळलं की तेच द्रव्य आपल्या नरक्यातही आहे. आज त्यापासून अंडाशयाच्या आणि आतड्याच्या कॅन्सरची औषधं होतात. औषध चांगलंच आहे, माणसं वाचतात. पण सह्याद्रीत काय झालं? दलाल आले, मजुरी देऊन झाडं मुळासकट तोडून नेली. तोडणाऱ्याला दिवसाची मजुरी मिळाली, झाड गेलं, आणि बोल लागला तो जंगलात राहणाऱ्यांना. आणि कुणी नरक्याची साल उकळून पिऊ नका. कारखान्यात शुद्ध करून, मोजून दिलेलं औषध वेगळं आणि कच्ची साल वेगळी. ती विष आहे.

तिसरी गोष्ट केरळची, ती जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या कामाची आहे. तिथं अगस्त्य डोंगरात कानी नावाचे आदिवासी राहतात. १९८७ साली काही शास्त्रज्ञ त्यांना वाटाडे म्हणून घेऊन डोंगर चढत होते. शास्त्रज्ञ दमले, कानी पोरं दमली नाहीत. ती वाटेत एक फळ खात होती. शास्त्रज्ञांनी खूप विचारलं, तेव्हा पोरांनी ते झाड दाखवलं. आरोग्यपच्चा त्याचं नाव. त्यातून 'जीवनी' नावाचं शक्तीचं औषध तयार झालं. १९९५ साली ते बनवण्याचा परवाना एका औषध कंपनीला दहा लाख रुपये आणि विक्रीवर दोन टक्के अशा बोलीवर दिला गेला. त्या पैशातला अर्धा वाटा कानी लोकांना द्यायचं ठरलं, त्यांचा ट्रस्ट केला. सगळ्या जगात याचं कौतुक झालं, आदिवासींना ज्ञानाचा वाटा मिळाला म्हणून.

पण पुढं अडलं कुठं? पानावर. औषधाला पानं पाहिजेत, पानं जंगलात, आणि जंगल राखीव. कानी लोक पानं गोळा करून, लागवड करून विकणार होते, तर वनखात्यानं हरकत घेतली. ज्ञान त्यांचं, हे मान्य झालं. झाड त्यांचं, हे मान्य झालं नाही. मग वाटा कागदावरच सुकत गेला.

आमचं आजचं सगळं म्हणणं या एका गोष्टीत आहे. औषधाचं ज्ञान आणि जंगलाचा हक्क वेगळे काढता येत नाहीत. नुसत्या ज्ञानाचा मान घेऊन काय करायचं, जर मुळी खणायला गेल्यावर आपल्याच बाईला पायवाटेवर अडवून टोपली ओतायला लावत असतील? हे आपल्या बायांनी सोसलेलं आहे, आम्ही ऐकीव सांगत नाही.

आता कायदा काय सांगतो ते बघू.

२००६ साली वनहक्क कायदा झाला, १ जानेवारी २००८ ला त्याचे नियम आले. आपल्याकडं बहुतेकांनी प्लॉटाचे दावे टाकले. ते बरोबरच आहे, नागली-वरईचं रान नावावर झालंच पाहिजे. पण प्लॉटाचा दावा जास्तीत जास्त चार हेक्टरचा. कुडा कुणाच्या प्लॉटात नाही. शतावरी कड्याखाली आहे, हिरडा वाडीच्या वरच्या रानात आहे, गुळवेल ओहोळाच्या काठी आहे. हे सगळं सामूहिक दाव्यात येतं, आणि सामूहिक दावा आपण मागं ठेवला.

कायद्याच्या कलम २ मध्ये गौण वनोपज म्हणजे काय ते दिलं आहे. त्यात बांबू, मध, डिंक-लाखेसारख्या वस्तू येतातच, पण औषधी वनस्पती, मुळ्या, कंद हेही नाव घेऊन लिहिलेलं आहे. कलम ३ मध्ये ते गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा मालकी हक्क दिला आहे. त्याच कलमात पुढं जैवविविधतेपर्यंत जाण्याचा आणि पारंपरिक ज्ञानावरचा सामूहिक हक्कही दिला आहे. कलम ५ प्रमाणं ग्रामसभा आपल्या जंगलाची राखण करू शकते, जंगलाला बाधा येईल असं काम थांबवू शकते. २०१२ च्या दुरुस्तीत वनोपज वाहून नेण्याचा परवाना ग्रामसभेच्या समितीनं द्यायचा, असंही आलं.

काही जण म्हणतात, आपलं गाव अभयारण्यात आहे, आपल्याला हे लागू नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. आपण तिथं त्याच्या कितीतरी आधीपासून आहोत. आणि या कायद्यात वनजमीन म्हणजे राखीव जंगल, संरक्षित जंगल, आणि अभयारण्य व राष्ट्रीय उद्यानसुद्धा, असं कलम २ मध्येच लिहिलं आहे. तेव्हा हे कारण कुणी सांगितलं तर कलम दाखवा.

आता पुरावा. अधिकारी विचारतात, तुमचा पुरावा काय? आपण म्हणतो, आमच्याकडं कागद नाही. थांबा. नियम १३ वाचा. सामूहिक हक्कासाठी जे पुरावे चालतात त्यात गुरं चारायच्या जागा आहेत, कंदमुळं आणि रानफळं गोळा करायच्या जागा आहेत, पाण्याच्या जागा आहेत, देवराई आणि मसणवटा आहे. आणि झाडपाल्याचं औषध देणारे लोक जिथून औषधं आणतात त्या जागा, हेही लिहिलेलं आहे. म्हणजे आपली म्हातारी ज्या वाटेनं जाऊन कुड्याची साल आणते ती वाट हा पुरावा आहे. वडीलधाऱ्यांचं सांगणं लिहून काढलं तर तोही पुरावा आहे. आणि एकापेक्षा जास्त प्रकारचे पुरावे पाहायचे, असंही नियमातच आहे. हे दोन तर आपल्या घरातच आहेत.

इथं एक अडचण येते, ती प्रत्येक पाड्यावर आली. म्हातारी माणसं म्हणतात, "औषध सांगितलं की त्याचा गुण जातो." काही पोरं याला हसतात. आम्ही म्हणतो, हसू नका. हळदीची गोष्ट बघा, कानी लोकांची गोष्ट बघा. ज्यानं सांगितलं त्याच्या हातातून गेलं, हे खरंच आहे. जुन्या लोकांनी ते त्यांच्या भाषेत सांगून ठेवलं.

पण कायदा आपल्याला गुण विचारतच नाही. तो जागा विचारतो. म्हणून आमचं सांगणं असं आहे: जागा सांगा, नाव सांगा, औषध कसं करायचं ते सांगू नका. दाव्यात एवढंच लिहायचं: झाडाचं आपल्या बोलीतलं नाव, ते कुठं मिळतं (कडा, ओहोळ, माळ, देवराई, जागेच्या नावासकट), कोणत्या महिन्यात आणतो, साल की मुळी की पाला, आणि किती पिढ्यांपासून आणतो. किती घ्यायचं, कशात उगाळायचं, कशासोबत द्यायचं, हे ज्याचं त्याच्यापाशी राहू द्या. ते आपल्या घरातल्या पोरीला, पोराला शिकवा, अर्जात नको.

मग काम कसं करायचं?

एक. पाड्याची बैठक घ्या. भगत, सुईण, गुरं राखणारे, हिरडा वेचणाऱ्या बाया, सगळ्यांना बोलवा. बायांना मागं बसवू नका. कुळूची भाजी कुठं उगवते आणि कोणती पानं खुडायची, हे पुरुषांपेक्षा त्यांना जास्त ठाऊक आहे.

दोन. एक दिवस सगळे मिळून रान फिरा. सोबत वनहक्क समितीची माणसं आणि लिहिणारं एक पोरगं असू द्या. जागेचं नाव आपल्याच बोलीत लिहा. नकाशा हातानं काढला तरी चालेल.

तीन. जाणत्या म्हाताऱ्या माणसांचं सांगणं लिहून घ्या, त्यांना वाचून दाखवा, मग सही किंवा अंगठा घ्या. हे काम लांबवू नका. ती माणसं गेली की त्यांच्यासोबत वाटाही जातात.

चार. सामूहिक हक्काचा दावा नमुना ब मध्ये भरायचा, आणि आपलं सगळं जंगल राखण्याचा दावा नमुना क मध्ये. नमुना ब मध्ये पारंपरिक ज्ञानाचा रकाना आहे. तो रिकामा सोडू नका. दिल्यावर पोच घ्या. पोच नाही तर दावा दिलाच नाही असं समजा.

पाच. ग्रामसभेचा ठराव करा की बाहेरचं कुणी, कंपनी असो, दलाल असो, कॉलेजातली माणसं असोत, ग्रामसभेच्या परवानगीशिवाय आपल्या रानातून वनस्पती नेणार नाही, आणि कुणाच्या घरी जाऊन औषधं लिहून घेणार नाही. पाहुण्याला चहा पाजा, पण वही आधी ग्रामसभेत उघडायला सांगा. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं पंचायतीत समिती आणि नोंदवही असते. त्या नोंदवहीत काय लिहायचं, तेही आपण बसून ठरवायचं, परस्पर कुणी भरून टाकायची नाही.

गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावानं हे करून दाखवलं आहे. २००९ साली त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ साली बांबू वाहून नेण्याचे परवाने ग्रामसभेच्या हातात आले. बांबू विकणारी ग्रामसभा झाली, बांबू चोरणारा आदिवासी राहिला नाही. आपल्याकडं बांबू कमी असेल, पण बाळहिरडा आहे. कातडं कमवायला, रंगाला, औषधाला त्याला मागणी आहे, आणि उन्हाळ्यात घरात मीठ-मिरची त्याच्यावरच येते. हिरड्याचं झाड आपलं ठरलं तर त्याच्या भावावर बोलायचा अधिकार आपला ठरतो.

शेवटचं, आणि हे आपल्याच माणसांसाठी आहे. हक्क मागायचा तर राखणही आपलीच. साल काढताना खोडाच्या एकाच बाजूनं, उभी पट्टी काढा. भोवतीनं गोल काढली की झाड वाळतं. मुळी खणायची तर बी पडून गेल्यावर खणा, आणि एका जागेवरचे सगळे कंद उचलू नका. भाजीला पानं खुडा, खालचा कंद राहू द्या, तोच पुढच्या पावसाळ्यात उगवणार आहे. फळासाठी फांदी तोडू नका. देवराईत आपण कुऱ्हाड नेत नाही, तशीच शिस्त औषधाच्या जागांना लावा. दलालानं पोत्याला चार पैसे जास्त दिले म्हणून कड्यावरची सगळी शतावरी खणून दिली, तर पुढच्या साली बाळंतिणीला काय देणार आणि अधिकाऱ्याला पुरावा म्हणून काय दाखवणार?

देवगावच्या राघोजी भांगरे यांनी याच डोंगरांच्या आसऱ्यानं इंग्रजांशी झुंज दिली. २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली. त्यानंतर इंग्रजांनी १८७८ साली जंगलाचा कायदा करून आपलं रान राखीव केलं, आणि तेव्हापासून आपण आपल्याच रानात चोर ठरलो. २००६ च्या कायद्याच्या सुरुवातीलाच लिहिलं आहे की आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला. सरकारनं स्वतः लिहून दिलेलं आहे. आता बाकीचं आपण लिहायचं आहे.

येत्या बैठकीला प्रत्येक पाड्यानं निदान दहा जागांची यादी घेऊन यावं. यादी चुकली तरी चालेल, आपण मिळून दुरुस्त करू. रिकाम्या हातानं मात्र येऊ नका.

जंगल आमच्या हक्काचं, नाही कुणाच्या बापाचं!

जिंदाबाद!